संघटनेची पावती घ्यावी का? शिक्षकांचा पगार नेमका ठरतो कसा

पवित्र पोर्टलमधून, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन शिक्षक भरतीतून, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक (पहिली ३ वर्षं ठोक मानधनावरचा शिक्षक) म्हणून लागलेल्या एका मॅडमनी विचारलं आहे: "मला महिन्याला १६,००० मिळतात. शेजारच्या वर्गातल्या सरांना माझ्या अडीच-तीनपट. दोघांच्या वर्गात मुलं सारखीच. आता संघटनेचे लोक वर्गणीची पावती घेऊन आलेत. आमच्या पगारात संघटनेचा खरंच काही हात असतो का, की जीआर (शासन निर्णय) सरकार काढतं आणि श्रेय हे घेतात? गावात तर रोज ऐकावं लागतं, मास्तरांना फुकटचा पगार. त्यांना काय सांगू?"

मी ३१ वर्षं अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवलं. त्यातली १९ वर्षं तालुका आणि जिल्हा पातळीवर संघटनेचं काम केलं. म्हणजे पगारबिलं, वेतननिश्चिती, अडकलेली प्रकरणं, निवेदनं, धरणी, सगळं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की संघटनेचा हात असतो, मोठा असतो. शेजारच्या सरांच्या पगारात तो आहे आणि मॅडम, तुमचे १६,००० होण्यातही तो आहे. हे दुसरं वाक्य आमच्या कुठल्याही अधिवेशनात कोणी बोलत नाही, म्हणून मी सविस्तर लिहितो.

आधी दोन आकडे शेजारी ठेवू. सातव्या वेतन आयोगात जिल्हा परिषदेच्या नियमित प्राथमिक शिक्षकाची सुरुवात २९,२०० मूळ वेतनावर होते. जानेवारी २०२४ मध्ये लागू झालेला ५० टक्के महागाई भत्ता धरला तर त्यात १४,६०० मिळतात आणि आकडा ४३,८०० वर जातो. घरभाडे भत्ता वेगळा. तुमचं मानधन १६,००० ठोक, त्यावर महागाई भत्ता नाही. महिन्याचा फरक २७,८००. शिक्षण सेवकाची ३ वर्षं म्हणजे ३६ महिने; गुणाकार केला तर १० लाखांच्या वर जातो. नोकरीच्या सुरुवातीलाच, लग्न, घर, म्हातारे आईवडील हे सगळं समोर असताना, इतकी रक्कम एकाच माणसाच्या खिशातून कमी होते. आणि ३ वर्षं कमी काम दिलं जातं असंही नाही. हजेरी, परिपाठ, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची ड्युटी, तुम्हाला यातलं काय माफ आहे?

हा फरक कुठून आला हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे शिक्षकांच्या संघटनेला मालकासमोर बसून पगाराचा करार करण्याची कायदेशीर जागाच नाही. कारखान्यातल्या कामगाराला औद्योगिक विवाद कायदा मिळाला. शिक्षक त्या कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, सुंदरंबाळ खटल्यात, ठरवून टाकलं. संघटना बांधण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे, संपाचा नाही. २००३ मध्ये तमिळनाडू सरकारने संपावर गेलेल्या सुमारे १ लाख ७० हजार कर्मचारी-शिक्षकांना एका फटक्यात नोकरीवरून काढलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा, सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिकही अधिकार नाही, असं न्यायालय म्हणालं. बहुतेकांना लेखी हमी घेऊन परत घेतलं गेलं, पण धडा सगळ्या राज्यांनी घेतला. आपल्याकडे संपाची हाक दिली की मेस्माची, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याखाली संपावर बंदी घालण्याची, भाषा सुरू होते.

म्हणजे वेतन आयोग येतो, सरकार समिती नेमतं, समिती शिफारस करते, मंत्रिमंडळ ठरवतं, जीआर निघतो. या साखळीत संघटनेची सही कुठेच लागत नाही. मग संघटना पगार वाढवते कशी? दबावाने. मंत्रालयातल्या फेऱ्या, आझाद मैदान, बहिष्काराचे इशारे, शिक्षक आमदार आणि निवडणुकीचं वर्ष. आमच्याजवळ इतकंच आहे. ज्याच्यामागे डोकी जास्त आणि मतं जास्त, त्याची मागणी आधी सुटते. हा नियम लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातून उलगडतं.

दबावाने मिळालेली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे तुमच्या-आमच्या स्लिपवरचा महागाई भत्ता. डिसेंबर १९७७ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि ५४ दिवस चालला. केंद्राच्या दराने महागाई भत्ता हवा, ही मुख्य मागणी. त्यातून पुढे केंद्राप्रमाणे भत्त्याचं तत्त्व राज्यात रुजलं. आज केंद्राने भत्ता वाढवला की राज्यानेही वाढवायचा, हे कोणालाही नैसर्गिक वाटतं. त्यासाठी लोकांनी जवळजवळ दोन महिने पगाराविना घर चालवलं, हे विसरलं जातं.

खासगी शाळांची गोष्ट वेगळी आणि जास्त कडू होती. मी नोकरीला लागलो तेव्हाचे ज्येष्ठ सर सांगायचे, संस्थाचालक सही घ्यायचे एका आकड्यावर आणि हातावर ठेवायचे दुसराच. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काढायचं आणि जूनमध्ये 'नव्याने' नेमायचं, म्हणजे सुट्टीचा पगारही नको आणि सेवाही सलग नको. याला आळा बसला तो १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायद्याने, ज्याला आपण एमईपीएस म्हणतो, आणि १९८१ च्या नियमावलीने. कायम शिक्षकाला मनमानी काढता येत नाही, काढलं तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, वेतनश्रेणी अनुसूचीतली द्यावी लागते. जोडीला पगार वेतन पथकामार्फत, म्हणजे शिक्षण खात्याच्या पगार काढणाऱ्या कार्यालयातून, थेट बँकेत आला. नेमणूक संस्थेची, पैसा शासनाचा, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे आमच्या संघटनांना कायम दोन आघाड्यांवर लढावं लागलं. ही लढाई आधीच्या पिढीने जिंकली याचा मला मनापासून अभिमान आहे. ज्यांच्यामुळे ती जिंकली गेली त्यातले कित्येक जण स्वतः तुटपुंज्या पेन्शनवर गेले.

आता ज्या भागाचं मला दुःख आहे तो सांगतो. पाचच वर्षांत तीन निर्णय झाले. २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आली, प्राथमिकला ३,००० रुपये मानधन. २००१ मध्ये नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर, म्हणजे शासनाचं अनुदान कधीच मिळणार नाही या अटीवर, परवानगी देणं सुरू झालं. आणि १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन गेली, पगारातून दरमहा कपात करून साठवायची अंशदान योजना आली. तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे. त्या दिवशी नोकरीत असलेल्या एकाही माणसाच्या पगाराला हात लागला नाही. जे कमी झालं ते अजून नोकरीला लागलेच नव्हते त्यांचं. आणि जो अजून शिक्षकच नाही तो कुठल्याच संघटनेचा सभासद नसतो. त्याची वर्गणी नाही, मत नाही, मोर्चात त्याचं डोकं नाही.

विरोध झाला नाही असं नाही. निवेदनं दिली, मोर्चे निघाले. पण वर्गणीदाराचा पगार थांबतो तेव्हा संघटना ज्या जिवाने लढते, तशी ती तेव्हा लढली नाही. शिक्षण सेवक योजनेवरच्या आमच्या जिल्ह्यातल्या एका बैठकीत मी होतो. पाचव्या वेतन आयोगाच्या थकबाकीवर दोन तास चर्चा झाली. नव्या योजनेचा विषय शेवटी आला, तोवर लोक एसटीची वेळ बघत होते. कोणीतरी म्हणालं, निदान भरती तरी सुरू होतेय, पोरांना नोकऱ्या लागू देत. मान हलवणाऱ्यांत मीही होतो. ३,००० चे पुढे ६,००० झाले आणि त्या ६,००० वर गाडी कित्येक वर्षं उभी राहिली. थेट १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झाले. तेही उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कान उपटल्यावर.

पेन्शनचं वेगळं झालं, आणि का झालं ते बघण्यासारखं आहे. २००५ मध्ये फार थोड्यांना त्याची झळ कळली. पण नंतर लागलेली माणसं दरवर्षी वाढत गेली, जुनी निवृत्त होत गेली. कपात व्हायची, हिशेबाची चिठ्ठी वर्षानुवर्षं मिळायची नाही. सेवेत असताना कोणी गेला तर मागे राहिलेल्या बायकोला काय मिळणार, याचं उत्तर आम्हालाही देता यायचं नाही. २०२३ उजाडेपर्यंत शाळा-कार्यालयांतले बहुसंख्य लोक 'नंतरचे' झाले होते आणि १४ मार्च २०२३ ला 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्य ७ दिवस थांबलं. सरकारला समिती नेमावी लागली, पुढे सुधारित योजनेकडे यावं लागलं. जुनी पेन्शन जशीच्या तशी परत आली नाही, पण चर्चेचं दार उघडलं. जी मागणी २००५ मध्ये मूठभरांची होती ती १८ वर्षांनी बहुमताची झाली, म्हणून ते दार उघडलं.

शिक्षण सेवकाचं असं कधीच होत नाही. ३ वर्षांनी तो नियमित होतो आणि त्याचा प्रश्न त्याच्यापुरता संपतो. तो दुसऱ्या बाजूला जातो. योजना २५ वर्षं टिकली याचं माझ्या मते हेच मुख्य कारण आहे. तुम्हीही ३ वर्षांनी पलीकडे जाल, तेव्हा हे आठवा, एवढीच विनंती.

विनाअनुदानितची गोष्ट यापेक्षा भयंकर. कायद्याने पाहिलं तर एमईपीएसची वेतनश्रेणी मान्यताप्राप्त खासगी शाळेला लागू आहे, अनुदान असो वा नसो. प्रत्यक्षात मी असे शिक्षक पाहिले आहेत जे सकाळी शाळा करून दुपारी दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात. 'कायम' हा शब्द २००९ मध्ये निघाला, २० टक्क्यांचा पहिला टप्पा २०१६ मध्ये सुरू झाला, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानात पावसाळे काढावे लागले. २० टक्के अनुदान म्हणजे शासनाकडून पगाराचा पाचवा हिस्सा. उरलेले चार हिस्से संस्थेने द्यायचे असतात. ते येत नाहीत, हे अधिकाऱ्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या बैठकीत या शिक्षकांची वेगळी कृती समिती असायची, वेगळे बॅनर असायचे. आम्ही पाठिंब्याचं पत्र द्यायचो. पत्राने पोट भरत नाही.

शिक्षक आमदारांबद्दलही थोडं. विधान परिषदेच्या ७८ पैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या. पण घटनेच्या कलम १७१ प्रमाणे मतदार होण्यासाठी किमान माध्यमिक दर्जाच्या संस्थेत शिकवत असावं लागतं. म्हणजे जिल्हा परिषदेच्या पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या तुम्हाला त्यात मतच नाही. माध्यमिकचा प्रश्न सभागृहात ज्या जोराने मांडला जातो तितका तुमचा मांडला जात नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. प्राथमिकच्या संघटनांचं बळ म्हणून वेगळीकडे गेलं: जिल्हा परिषद, बदल्या, पतसंस्था. २०१७ मध्ये बदल्या संगणकावर आल्या तेव्हा काही पुढारी फार अस्वस्थ झाले होते. मला विचाराल तर तो चांगला बदल होता. ज्याची ओळख नाही अशा शिक्षिकेलाही नियमाने शाळा मिळू लागली. संघटनेची ताकद शिफारशीतून येत असेल तर ती खरी ताकद नाही.

एवढं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग पावती कशाला? माझं उत्तर तरीही 'घ्या' असंच आहे. त्याचं कारण जीआरमध्ये सापडणार नाही, कार्यालयाच्या व्हरांड्यात सापडेल.

आमच्या तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेतल्या तरुण शिक्षकाचं उदाहरण देतो. नेमणूक रीतसर, वैयक्तिक मान्यता मिळालेली, पण शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीत नाव नाही. नाव नाही म्हणजे पगारबिलात नाव नाही. १४ महिने विनापगार. त्याची फाइल कार्यालयातून तीनदा परत आली होती. पहिल्यांदा बिंदुनामावलीची (आरक्षणानुसार पदांच्या नोंदवहीची) प्रत अस्पष्ट, दुसऱ्यांदा जाहिरातीचं मूळ कात्रण नाही, तिसऱ्यांदा ठरावावर अध्यक्षांची सही आहे पण शिक्का पुसट. प्रत्येक वेळी एकच त्रुटी सांगायची, ती पुरी केली की पुढची. दर फेरीला दीड-दोन महिने. तिसऱ्या वेळी त्याला मध्यस्थाचा निरोपही आला होता, किती लागतील तो. बायको गरोदर होती, तो पैसे व्याजाने काढायला निघाला होता.

आम्ही पाच जण त्याच्याबरोबर गेलो. घोषणा नाहीत, आवाज नाही. अर्जात एकच मागणी लिहिली: या प्रस्तावातल्या सगळ्या त्रुटी एकाच पत्रात लेखी द्याव्यात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख टाकून घेतली. पंधरवड्यात पत्र आलं, त्यात दोन त्रुटी होत्या. दोन्ही आठवड्यात पुऱ्या केल्या. पुढच्याच्या पुढच्या महिन्यात पहिला पगार झाला, थकबाकीला आणखी वर्ष लागलं. एकटा माणूस हाच अर्ज देऊ शकत नव्हता का? कायद्याने देऊ शकत होता. पण ज्याला त्याच टेबलावर पुन्हा जायचं आहे तो एकटा असा अर्ज देत नाही. पाच जण असले की तो अर्ज कोणा एकाचा राहत नाही.

पगार हा असा असतो. आयोग एकदा दहा वर्षांनी येतो, पण १२ वर्षांची वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांची निवड श्रेणी, सेवापुस्तकातली राहिलेली नोंद, चुकलेली वेतननिश्चिती, वैद्यकीय बिल, हे दर महिन्याला असतं. माझ्या १९ वर्षांतली बहुतेक वर्षं याच कामात गेली. यात कुठे माझा फोटो छापून आला नाही, आणि पगार पुन्हा सुरू झालेल्या घरी चहा पिण्याएवढं समाधान कुठल्या मोर्चात मिळालं नाही.

आता गावातल्या त्या वाक्याबद्दल. फुकटचा पगार. चिडू नका. बोलणाऱ्याच्या घरी बहुधा कोणाचंच उत्पन्न ठरलेलं नसतं, पिकाचा भाव पडलेला असतो. त्याला तुमची स्लिप मोठीच दिसणार. त्याला हे सांगा की केंद्रीय विद्यालयातला प्राथमिक शिक्षक ३५,४०० वर सुरू होतो आणि झेडपीचा २९,२०० वर, म्हणजे फुकटचं तर सोडाच, बरोबरीचंही नाही. त्यालाच हेही सांगा की चांगली मुलं या पेशात यायची असतील तर पगार धड लागतो.

पण त्याच्या बोलण्यात एक खरा प्रश्न लपलेला असतो: पगार वाढला म्हणून माझ्या पोराला वाचता येऊ लागलं का? याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. इंडोनेशियाने २००५ च्या कायद्याने प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचं मूळ वेतन जवळजवळ दुप्पट केलं. संशोधकांनी शेकडो शाळांत काळजीपूर्वक तुलना केली. शिक्षक समाधानी झाले, त्यांचे जोडधंदे कमी झाले, पण दोन-तीन वर्षांनंतरही मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही. म्हणजे आधीच नोकरीत असलेल्यांचा पगार वाढवणं आणि शिकवणं सुधारणं या आपोआप जोडलेल्या गोष्टी नाहीत. आमच्या संघटनांनी पगाराच्या मागणीसोबत वर्गाबद्दल बोलणं सोडून दिलं, ही आमची चूक. संच मान्यतेने, म्हणजे पटसंख्येवरून शाळेची पदं ठरवताना, शिक्षक कमी केले की आम्ही 'पदं वाचवा' म्हणतो; एका शिक्षकाला चार इयत्ता एकत्र घ्याव्या लागल्या तर तिसरीच्या पोराचं काय होतं, हे पालकांना नीट समजावून सांगत नाही. अशैक्षणिक कामांविरुद्ध बोलतो, पण शाळेच्या दिवसांत अधिवेशन भरवतो. पालक हे बघत असतात. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढ्याच कामांना परवानगी दिली आहे. बाकीच्या कामांना नकार द्यायचा तर गाव आपल्या बाजूला लागतं, आणि वाचता येणारी पोरं दाखवली की गाव बाजूला येतं. माझ्या तालुक्यात ज्या शाळेत शिक्षकांनी हे केलं तिथे शाळा बंद करायचा प्रस्ताव आला तेव्हा ग्रामसभेत आधी गावकरी उठले, शिक्षकांना बोलावंच लागलं नाही.

तर मॅडम, पावती घ्या. घेताना तीन गोष्टी विचारा. मागच्या वर्षीच्या जमाखर्चाचा कागद मागा. चांगली संघटना तो काढून देते. तालुका कार्यकारिणीत शिक्षण सेवक किती आणि महिला किती हे विचारा. आणि मानधनावर महागाई भत्ता ही मागणी निवेदनात कितव्या क्रमांकावर आहे ते बघा. ती पंधराव्या क्रमांकावर असेल तर पुढच्या बैठकीला जा, सोबत तुमच्या बॅचचे जितके जण येतील तितके घ्या, आणि ती वर आणायला लावा. विषय शेवटी येऊ देऊ नका. शेवटी आलेल्या विषयाचं काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

आणि नियुक्तीपत्र, रुजू अहवाल, मानधनाच्या प्रत्येक महिन्याची नोंद, सगळ्याच्या दोन-दोन प्रती आजपासून एका फाइलमध्ये लावा. ३ वर्षं पूर्ण होतील त्या आठवड्यात नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव तुम्हीच तयार करून मुख्याध्यापकांकडे द्या आणि पोच घ्या. त्यातला नमुना कुठे अडला तर कळवा, मी भरून दाखवीन.